गभणे साहेबांचा फळा

माझ्या गावाहून, सानगडीहून, आलेल्या निधनवार्तेत सहा ओळी होत्या. तिसऱ्या ओळीत शालिकराम गभणे यांना 'मनमिळाऊ स्वभावाचे' म्हटलं होतं. तो शब्द मी काढला. पुरावा नसलेलं विशेषण छापायचं नाही, असा आमच्या वर्तमानपत्राच्या भंडारा कार्यालयातला नियम आहे. निधनवार्तांना तो सहसा कोणी लावत नाही. गभण्यांच्या वार्तेला मी लावला. त्यांच्यासाठी नियम वाकवलेला त्यांनाही चालला नसता.

गभणे आमच्या गावातल्या पतसंस्थेचे व्यवस्थापक होते. मी शाळेत असताना होते आणि मी नोकरीला लागून बरीच वर्षं झाली तरी होते. संस्थेत त्यांच्यासाठी केबिन होती. तिला काचेचं दार आणि आत पंखाही होता. ते तिथे कधी बसले नाहीत. पैसे काढायच्या खिडकीला लागून, दालनातच, त्यांनी टेबल मांडून घेतलं होतं. पांढरा हाफ शर्ट, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन. पैसे भरायला आलेल्या माणसाकडे ते मान वर करून पाहत नसत. पैसे काढायला आलेल्याची स्लिप मात्र आधी त्यांच्या टेबलावर जायची आणि मग रोखपालाकडे. स्लिप हातात घेऊन ते एकच प्रश्न विचारत.

"कायले?"

पैसे कशासाठी हवेत, हा प्रश्न विचारायचा त्यांना कुठल्याही नियमाने अधिकार नव्हता. तरी कोणी उत्तर दिलं नाही असं मी पाहिलं नाही. दालनात बाकांवर दहा-बारा माणसं बसलेली असायची. उत्तर त्या सगळ्यांना ऐकू जायचं. गावात कोणाकडे लग्न ठरतं आहे, कोणाचा पोरगा दवाखान्यात आहे, कोणाचा जावई रुसला आहे, हे त्या दालनात सगळ्यांत आधी कळत असे.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री नाटक असतं, आणि घरोघरी कोंबडा कापला जातो. त्या दिवसांत संस्थेत गर्दी व्हायची. एकदा कवडू नावाचे आमच्या गल्लीतले शेतकरी पाच हजारांची स्लिप घेऊन उभे होते. त्यांच्या मागे मी होतो.

"कायले?"

"मंडई हाय ना साहेब. पावने येतेत. जवाई येऊन राहिला."

"जवाई कितीचा खाते?"

बाकावरची माणसं हसली. कवडूही हसले, पण उशिरा.

"आज तारीख कोनती?" गभण्यांनी विचारलं. "पंचवीस. दहा तारखेपासून महिन्याच्या शेवटापर्यंत खात्यात कमीत कमी जेवढी रक्कम राहिली, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज लागते. आज पाच हजार उचलले तं पाच हजाराचं महिन्याभराचं व्याज गेलं. पंधरा दिवस पैसा बसून होता, तो फुकट बसला. एक तारखेले ये."

"एक तारखेले मंडई निघून जाते, साहेब."

"मंग दोन हजार ने. कोंबडा दोन हजारात येते."

कवडूंनी स्लिप फाडली आणि दोन हजारांची नवी लिहून दिली. खात्यात त्यांचे तीसेक हजार असावेत. त्यांच्या जावयाला हा प्रसंग सासुरवाडीत पाय ठेवायच्या आधी कळला होता. पुढच्या वर्षी तो मंडईला आला नाही.

व्याजाबद्दल गभण्यांनी सांगितलेलं सगळं खरं होतं, हे नोंदवायला हवं. संस्थेची व्याज मोजायची रीत तशीच होती. त्यांचा हिशेब चुकल्याचं मला आठवत नाही. "बसला पैसा वाढते, उठला पैसा पळते," असं ते म्हणत आणि ते त्यांच्यासाठी सुभाषित नव्हतं, कामाची सूचना होती. चूक होती ती वेगळी. खात्यातला पैसा ज्याचा आहे त्याला तो आज हवा असू शकतो, आणि का हवा हे सांगायची त्याची इच्छा नसू शकते, एवढी साधी गोष्ट त्यांच्या हिशेबात कधी आली नाही.

लोकांनी त्याचा सूड एकदा मंडईच्या नाटकात घेतला. गावातल्याच मंडळींचं नाटक होतं. मधल्या विनोदी प्रवेशात पांढरा हाफ शर्ट घातलेला, खिशाला दोन पेनं लावलेला एक नट टेबल घेऊन बसला. दुसरा रडत रडत आला.

"पैसे पायजे साहेब."

"कायले?"

"माहा बाप मेला साहेब. सरनाले लाकडं आनाची हायेत."

"आज तारीख कोनती? सत्तावीस? एक तारखेपर्यंत थांबव त्याले. चार टक्के व्याज बुडते!"

मांडवातलं हसू बराच वेळ थांबेना. गभणे पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. ते हसले नाहीत आणि उठूनही गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या नटाला त्यांनी संस्थेच्या पायरीवर थांबवलं. आता काही बोलतील म्हणून चार माणसं जमली. गभणे म्हणाले, "साडेपाच टक्के. चार नाई. लोकायले चुकीचा दर सांगू नको."

त्यांना टोमणा कळला नव्हता, असं काहींचं मत होतं. मला तसं वाटत नाही. त्यांना तो कळला होता, पण त्यात सुधारण्यासारखी एकच गोष्ट दिसली होती.

आता फळ्याबद्दल. संस्थेत दिवसाला दहा हजारांपर्यंत रक्कम लगेच मिळत असे. त्याहून जास्त हवी असेल तर एक दिवस आधी अर्ज द्यावा लागे, कारण तेवढी रोकड तिजोरीत नसायची आणि ती साकोलीच्या बँकेतून आणावी लागायची. गभणे व्यवस्थापक होण्याआधी अशी आणलेली रोकड संचालकांच्या सोयऱ्यांना आधी मिळे आणि बाकीच्यांना "उद्या या" असं सांगितलं जाई. गभण्यांनी ते बंद केलं. दाराशेजारी, रस्त्यावरून दिसेल असा, काळा फळा लावला. ज्याने आधी अर्ज दिला त्याचं नाव वर आणि नावापुढे रक्कम. अध्यक्षांचा मेहुणा चौथा असेल तर तो चौथाच राहत असे. या एका गोष्टीसाठी गावाने सुरुवातीला त्यांची वाहवा केली. मोठी रक्कम काढणाऱ्याचं नाव आणि आकडा रस्त्यावर लागतो, म्हणजे उधारी मागणारे, भाऊबंद आणि लग्नाच्या पत्रिका वाटणारे सगळे दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी हजर होतात, हे नंतर लक्षात आलं. तोवर फळा हा नियम झाला होता.

त्यांच्या पत्नीला एकदा ऑपरेशनसाठी नागपूरला हलवायचं होतं. गभण्यांनी स्वतःचा अर्ज स्वतःकडे दिला, फळ्यावर तिसऱ्या क्रमांकाला स्वतःचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले. दवाखान्यात पैसे तोवर त्यांच्या मेहुण्याने भरले. पत्नी बऱ्या होऊन आल्या. बायका भेटायला गेल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या घरी बी फळाच हाय, बाई. मीठ पायजे असन तं आदल्या दिवशी सांगा लागते."

हा किस्सा गावात गभण्यांच्या सचोटीचा दाखला म्हणून सांगितला जातो. मी तो तसा सांगत नाही. स्वतःला जाच केल्याने दुसऱ्याला जाच करायचा परवाना मिळत नाही.

सुशीला मेश्राम बसस्टँडसमोर हातगाडीवर चहा आणि तर्री-पोहे विकत. नवरा राइस मिलमध्ये हमाल. गाडी महिन्यातून एक-दोनदा कोणीतरी हटवायला लावायचं; कधी रस्त्याचं काम, कधी कोणा पुढाऱ्याचा दौरा. पावसात गिऱ्हाईक भिजत खात नाही, म्हणून धंदा चार महिने अर्धा. ग्रामपंचायतीने स्टँडजवळ पक्के गाळे बांधले, तेव्हा त्यातला कोपऱ्यातला एक घ्यायचा असं त्यांनी ठरवलं. गाळे तीन वर्षांसाठी लिलावाने जाणार होते. सर्वांत जास्त अनामत बोलणाऱ्याला गाळा मिळणार होता, आणि बोली सुटली की रक्कम तिथेच, रोख भरायची होती. सुशीलाबाईंनी कित्येक वर्षं रोज संध्याकाळी संस्थेत भरलेले पंच्याऐंशी हजार झाले होते. लिलाव अठ्ठावीस तारखेला होता. सव्वीसला त्यांनी अर्ज दिला.

"कायले?"

"काम हाय, साहेब."

"काम तं सगळ्यायलेच असते. पंच्याऐंशी हजार हायेत. तीनशे एकोननव्वद रुपये व्याज बुडते तुहं. एक तारखेले ने."

"एक तारखेले माह्या कामाचं नाई साहेब. परवाले पायजे."

"परवा कोनतं काम हाय?"

त्यांनी अर्ज टेबलावर आणखी पुढे सरकवला. गभण्यांनी लाल पेनाने अर्जावर खूण केली. शिपायाने फळ्यावर नाव लिहिलं, नावापुढे आकडा लिहिला. त्या दिवशी फळ्यावर ते एकच नाव होतं.

सत्तावीसला सुशीलाबाईंनी रोकड घेतली. त्याच दिवशी मोहन बिसेन संस्थेत पैसे भरायला गेले होते. त्यांचं स्टँडसमोर सिमेंट आणि लोखंडाचं दुकान आहे. कोपऱ्यातला गाळा त्यांना गोदाम म्हणून हवा होता.

लिलावाला मी हजर होतो. बातमी होईल इतका तो प्रसंग मोठा नव्हता. मी सुटीवर होतो आणि ग्रामपंचायत आमच्या घरासमोर आहे. बोली चाळीस हजारांपासून सुरू झाली. साठच्या पुढे दोघंच उरले. बिसेन प्रत्येक वेळी हजारानेच वाढवत होते, घाई न करता. सुशीलाबाई त्र्याऐंशीवर आल्या. बिसेन म्हणाले, "चौऱ्याऐंशी." सुशीलाबाईंनी पदराची गाठ हातात धरली आणि पंच्याऐंशी म्हटलं. बिसेन म्हणाले, "शहाऐंशी," आणि ग्रामसेवकाने विचारायच्या आधीच खुर्चीवरून उठले.

"बसा ना शेठ, अजून बोली सुटली नाई," ग्रामसेवक म्हणाले.

"सुटली, साहेब," बिसेन म्हणाले. "वयनी, वाढवता का?"

सुशीलाबाईंनी वाढवलं नाही.

बिसेनांनी ही गोष्ट लपवून ठेवली नाही. संध्याकाळी पानठेल्यावर त्यांनी ती स्वतःच सांगितली. "फळ्यावर लिवून होतं ना भाऊ. मले कायले अंदाज बांधा लागते?" लोक हसले. त्यांनी कायदा मोडला नव्हता. रस्त्यावर लिहिलेलं वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी संस्था उघडताच सुशीलाबाई आल्या. पंच्याऐंशी हजारांची पिशवी तशीच त्यांच्या हातात होती. खिडकीत दोघं-तिघं होते. ते बाजूला झाले.

"माहं नाव फळ्यावर कायले लिवलं?"

"नियम हाय."

"नियम कोनाचा?"

"संस्थेचा. अध्यक्षाचं नाव असतं तं ते बी लिवलं असतं."

"अध्यक्ष पोहे इकत नाई, साहेब. माह्या पोटात किती हाय ते तुमी त्या बिसेनले दाखवलं. मंग त्यानं बरोबर तेवढ्यावरच मले कापलं."

"मी कोनाले दाखवलं नाई. फळा सगळ्यायसाठी हाय."

"पैसा कोनाचा होता?"

गभण्यांनी चष्मा काढून पुसला. हे ते क्वचित करत. "पैसा तुहा. शिस्त संस्थेची. आन एक तारखेपर्यंत थांबली असती तं…"

"तं काय? व्याज भेटलं असतं? चाटू का ते व्याज?"

बाकावर या वेळी कोणी हसलं नाही. सुशीलाबाईंनी खातं बंद करायचा अर्ज मागितला. गभण्यांनी तो दिला. मागच्या महिन्यांचं जमा व्याज पैशापर्यंत मोजलं, बेरीज दोनदा तपासली आणि रक्कम पुढे सरकवली. सरकवताना ते म्हणाले, "पिशवीतली रक्कम घरी ठेवू नको. चोरी होते." त्या वेळी त्यांच्या आवाजात काळजी होती असं तिथला रोखपाल मला पुढे सांगत असे. असेल. माफी मात्र नव्हती.

फळा त्यानंतरही तसाच राहिला. सुशीलाबाईंनी साकोलीच्या मोठ्या बँकेत खातं काढलं. तिथे व्याज जेमतेम तीन टक्के होतं. त्या बँकेचं एक केंद्र गावातच एका मोबाईलच्या दुकानात होतं. मशीनवर अंगठा ठेवला की दिवसाला दहा हजारांपर्यंत मिळत. दुकानदार गाणी ऐकत बसलेला असायचा.

मग एका हिवाळ्यात शेजारच्या तालुक्यातली एक पतसंस्था बंद पडली. ती बचत खात्यावर नऊ टक्के देत होती. आमच्या गावातल्या कित्येकांनी गभण्यांना तो दर तोंडावर फेकून मारला होता. "तो नऊ देते तं कोठून देते, हे त्याले इचारा," एवढंच ते म्हणत. ती संस्था बुडाल्याची बातमी आली त्या सकाळी आमच्या संस्थेसमोर पाचशेच्या वर माणसं होती. शिव्या होत्या, एक चप्पल आली, दाराची काच फुटली. गभण्यांनी फुटलेल्या काचेशेजारी टेबल लावलं आणि मर्यादा दहावरून दोन हजारांवर आणली. आजारी आणि म्हातारे आधी. त्या दिवशी त्यांनी कोणाला कशासाठी हवे म्हणून विचारलं नाही. आठवडाभर हे चाललं, मग गर्दी विरली. एकाचाही रुपया बुडाला नाही.

यानंतर तरी गावाने त्यांच्याबद्दल वेगळं बोलावं, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. काच फोडणारा पोरगा पुढच्या महिन्यात पैसे भरायला आला आणि गभण्यांनी त्याच्या खात्यातून काचेची किंमत कापून घेतली. गाव तेवढंच बोललं.

सुशीलाबाईंच्या गाडीवर हा विषय निघाला तेव्हा मी पोहे खात होतो. कोणीतरी म्हणालं, "मानूस कडू हाय, पन पैसा वाचवला बावा त्यानं."

"वाचवला तुमचा," सुशीलाबाई तर्री ओतत म्हणाल्या. "माहा गाळा गेला तो गेलाच. मी गाडी अजून धक्क्यानंच ढकलून राहिली."

तीन वर्षं संपली आणि गाळ्यांचा लिलाव पुन्हा लागला. गभणे तोवर निवृत्त झाले होते. नव्या व्यवस्थापकाने केबिनमध्ये बसायला सुरुवात केली होती आणि फळा उतरवला होता. निवृत्त माणसाला सकाळी जाण्यासाठी ग्रामपंचायत ही जागा असते. गभणे तिथे मागच्या खुर्चीवर होते, पांढरा हाफ शर्ट, दोन पेनं.

बोली लाखावर गेली. बिसेनांनी सुशीलाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मांडीवरच्या कापडी पिशवीकडे. पिशवीवरून काही कळत नव्हतं. त्यांनी सभागृहात इकडेतिकडे पाहिलं, गभण्यांकडेही पाहिलं. गभण्यांनी मान हलवली. त्यांना ठाऊक नव्हतं.

"कितीवर थांबता वयनी?" बिसेनांनी हसत विचारलं.

"तुमी थांबा, मंग मी बी थांबतो."

बिसेन एक लाख नऊ हजारांवर थांबले. सुशीलाबाईंनी एक लाख दहा म्हटलं. ग्रामसेवकाने तीनदा पुकारलं. मग पिशवीतून पाचशेच्या नोटांची बंडलं निघाली, प्रत्येक दहा हजारांचं, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा. अंगठा लावून दर दोन-चार दिवसांनी एकेक काढलेलं, घरात धान साठवायच्या ढोलीत ठेवलेलं. पावती फाडून होईपर्यंत त्या उभ्याच होत्या.

गाळ्याची किल्ली घेऊन त्या बाहेर पडल्या तेव्हा गभणे मागोमाग आले. मीही त्याच रस्त्याने चाललो होतो. गाळ्यापाशी पोचल्यावर ते म्हणाले, "सुशीला, एक एक बंडल काढून घरी ठेवलं ना तू?"

"हो."

"कधीपासून?"

"महिना झाला असन."

गभणे कोपऱ्यातल्या गाळ्याच्या शटरसमोर उभे राहिले. त्यांनी डोळे अर्धे मिटले आणि ओठ हलू लागले. तीन टक्के, दहा-दहा हजार, मागे सरकत जाणारे दिवस. हवेत बोटाने त्यांनी कुठेतरी स्वल्पविराम दिला. "दीडशे रुपये," ते म्हणाले. "दीडशेच्या आसपास व्याज बुडवलं तू."

सुशीलाबाईंनी कुलूप काढलं, किल्ली कमरेला खोचली आणि खाली वाकून शटरला हात घातला.

"बुडू द्या, साहेब. सरका बाजूले. डोक्याले लागन."

ते एक पाऊल सरकले. शटर गंजलेलं होतं, अर्ध्यावर अडकलं. सुशीलाबाईंनी खांदा लावला. गभणे तिथेच उभे होते आणि त्यांचे ओठ पुन्हा हलत होते, बहुधा नेमका आकडा काढण्यासाठी. शटर वर गेलं, सुशीलाबाई आत गेल्या आणि झाडू शोधू लागल्या.